भट्टीवाचून भाजणे

वाढदिवस म्हटला की केक आणि केक म्हटला की विजेची भट्टी, अशी समजूत आपल्या घरांतून आता पक्की झाली आहे. ज्या घरात भट्टी नाही तेथील गृहिणी बेकरीतून केक आणविते आणि मनाशी थोडी खट्टू होते. महिन्याच्या अखेरीस तर हा खर्च जाणवतोच. परंतु भाजण्याची विद्या आपल्याला परकी कधीच नव्हती आणि ती महागही नव्हती, हे आम्हांला येथे सांगावयाचे आहे.

कोकणात पावसाळ्याच्या अखेरीस वेलीवर जून झालेल्या काकडीचे धोंडस करतात. गोव्याकडे त्यालाच तवसळी म्हणतात. कोवळी काकडी कोशिंबिरीत संपते. पिवळी पडलेली, जाड बियांची काकडी मात्र कोणी हौसेने खात नाही. अशा टाकाऊ होऊ पाहणाऱ्या काकडीतून, रव्यातून आणि गुळातून हे पक्वान्न तयार होते. त्याला अंडे लागत नाही, मैदा लागत नाही, सोडाही लागत नाही. पातेल्याखाली मंद विस्तव आणि झाकणावर पसरलेले निखारे, एवढीच त्याची भट्टी.

झाकणावरील निखाऱ्यांत मोठे मर्म आहे. पदार्थात पाणी भरपूर असते तोवर त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या फारसे वर चढत नाही. केवळ खालून आच दिली तर वाफ झाकणाखाली कोंडते, वरचा थर उकडतो आणि फिकाच राहतो. वरूनही आच लागली म्हणजे तो थर सुकतो, अधिक तापतो आणि मग तांबूस रंग व खमंग वास येतो. उकडणे आणि भाजणे यांतील भेद तो हाच.

आपण जेथे स्थायिक झालो तेथील शेजाऱ्यांनाही ही विद्या अवगत आहे. माळव्यात बाफल्यांचे गोळे आधी पाण्यात उकडून मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. गुजरातेत हांडव्याच्या भांड्याखाली वाळूची थाळी असते. वाळू सावकाश तापते आणि आच सर्वत्र सारखी पोहोचविते, म्हणून बूड करपत नाही. वडोदऱ्याच्या गृहिणीने असे भांडे शेजारणीकडून मागून आणले, तर धोंडस त्यात सुरेख होईल. इंदूरकरांना कोकणातील तवसे मिळाले नाही तरी पावसाळ्यात येणारी बालम काकडी चालेल.

१९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याचे माप घरोघरी रुजविले, त्याच मापाने प्रमाण देत आहोत. जून काकडीचा कीस २ वाट्या, इडलीचा किंवा गव्हाचा जाड रवा दीड वाटी, चिरलेला गूळ १ वाटी, ओले खोबरे अर्धी वाटी, तूप २ मोठे चमचे, चिमूटभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. काकडी आधी चाखून पाहावी. कडू निघाली तर मोह न धरता टाकून द्यावी, कारण तो कडवटपणा पोटाला बाधतो. साल व बिया काढून काकडी किसावी, पण सुटलेले पाणी टाकू नये. रवा चमचाभर तुपावर खमंग भाजावा. कीस, पाणी व गूळ एकत्र शिजवून गूळ विरघळला की त्यात रवा, खोबरे, मीठ व वेलची घालावी. मिश्रण इडलीच्या पिठाहून जरा घट्ट असावे. फार आळले तर थोडे गरम पाणी घालावे.

जाड बुडाच्या पातेल्याला उरलेले तूप लावून मिश्रण ओतावे, पातेले तव्यावर ठेवावे आणि झाकण घालून मंद आचेवर सुमारे पाऊण तास भाजावे. सुरी टोचून ती कोरडी निघाली की झाले. निखारे नसतील त्यांनी धोंडस ताटलीवर उलटे काढून, वरची बाजू खाली येईल असे पुन्हा पातेल्यात सरकवावे आणि दहा मिनिटे ठेवावे. पूर्ण निवाल्यावरच वड्या पाडाव्यात. गरम असता त्या मोडतात. ओलाव्यामुळे हा पदार्थ बाहेर फार टिकत नाही, दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा.

काटकसर कोठे करावी आणि कोठे करू नये, हेही यातून ध्यानी येते. नानकटाईसाठी तुपाऐवजी वनस्पती वापरण्याची चाल अनेक घरांत पडली होती. स्वस्त म्हणून घेतलेल्या त्या वनस्पतीतील ट्रान्स स्निग्धांश हृदयाला घातक असतो, हे आता सिद्ध झाले आहे. जानेवारी २०२२ पासून तेल-तुपांतील त्याचे प्रमाण २ टक्क्यांहून अधिक नसावे असा नियम भारतात लागू आहे. हलका जिन्नस वापरून वाचविलेला पैसा पुढे औषधाला जातो. त्यापेक्षा चांगले तूप दोनच चमचे लागेल असा पदार्थ निवडावा, यातच खरी काटकसर आहे.

यंदा पावसाळ्यात वाढदिवस आला तर औक्षणाच्या ताटाशेजारी धोंडसाच्या वड्या मांडून पाहाव्यात. भट्टी नाही म्हणून कोणा गृहिणीने खट्टू होण्याचे मग कारण उरणार नाही.