पाया न सापडणारी भिंत

धुळे जिल्ह्यात साक्रीच्या बाजूने हिंडताना माळरानातून सरळ रेषेत जाणाऱ्या काळ्या भिंती दिसतात. कुठे कमरेएवढ्या, कुठे दोन पुरुष उंच. पैलूदार दगड आडवे, एकावर एक रचल्यासारखे. पंधरा वर्षांपूर्वी जुन्या किल्ल्यांच्या शोधात फिरताना मी अशीच एक भिंत पाहिली, पावलांनी मोजली आणि ती विस्मृतीत गेलेली तटबंदी असल्याचे एका स्थानिक नियतकालिकात लिहून मोकळा झालो. फारुकी राजवटीशी तिचा संबंधही जोडला. कौतुकाची पत्रे आली.

एक पत्र भूशास्त्राच्या प्राध्यापकांचे होते. वाद न घालता त्यांनी मला महाविद्यालयाच्या अभ्याससहलीला बोलावले. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. बी.एस्सी.ची मुले पहिल्याच दिवशी मला ‘काका’ म्हणू लागली.

सरांचा नियम एकच होता : खडकापाशी गेल्यावर आधी त्याचे नाव घ्यायचे नाही. वहीत चित्र काढायचे, होकायंत्राने दिशा मोजायची, हातोड्याने ताजा भाग फोडून तो भिंगातून पाहायचा. ऊनपावसाने दगडाचा वरचा थर बदललेला असतो. आतला दगड वेगळेच सांगतो.

‘माझ्या’ भिंतीपाशी सरांनी दोनच प्रश्न दिले. कडेचा आणि मधला दगड सारखा आहे का? खांब कोणत्या दिशेला आहेत?

कडेचा दगड इतका बारीक कणांचा की भिंगातूनही कण सुटे दिसेनात. मधल्या दगडात मात्र स्फटिक चमकत होते. तप्त शिलारस जमिनीतल्या भेगेत घुसला, की भेगेच्या थंड बाजूंना टेकलेला भाग झटकन गोठतो आणि स्फटिकांना वाढायला वेळ मिळत नाही. मधला भाग सावकाश निवतो, म्हणून तिथे कण मोठे. गवंडी दगड निवडून लावील, पण हा क्रम भिंतीच्या दोन्ही अंगांना, टोकापासून टोकापर्यंत सांभाळणार नाही.

खांबांचेही तसेच. बेसाल्ट थंड होताना आकसतो, तडकतो आणि थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोन करून त्याचे खांब बनतात. जमिनीवर पसरलेला लाव्हा वरून आणि खालून निवतो, म्हणून त्याचे खांब उभे असतात. भेगेतला रस दोन्ही बाजूंनी निवतो, म्हणून त्याचे खांब आडवे. लाकडाची मोळी रचावी तसे. त्यांनाच मी चिरेबंदी समजलो होतो. पुढे आजूबाजूचे थर झिजले आणि भेगेतला टणक खडक उभा राहिला.

तेवढ्यात बुंध्याशी माती उकरणारी एक मुलगी म्हणाली, “काका, पाया सापडत नाही!” मुले हसली. मीही हसलो, पण कान तापले होते.

अशा खडकाला डाईक म्हणतात. धुळे-नंदुरबार पट्ट्यात ते शेकड्यांनी आहेत आणि बहुतेक पूर्व-पश्चिम जातात. भेग पडते ती ताणाच्या दिशेशी काटकोनात. म्हणजे त्या काळी इथले भूकवच उत्तर-दक्षिण ताणले जात होते. दख्खनच्या लाव्ह्याचे वय साधारण 6.6 कोटी वर्षे. डाईक ज्या थरांना छेदून जातो त्यांच्यापेक्षा तो नवा असणार, हेही त्या वहीतल्या चित्रानेच शिकवले.

खरी लाज वेगळीच होती. ‘डाईक’ हा शब्द मी लेख लिहिण्यापूर्वीच ग्रंथालयातल्या पुस्तकात वाचलेला होता. तिथे तो आकृतीतला एक काळा पट्टा होता. तोच पट्टा समोर उभा राहिला तेव्हा मी त्याला ओळखले नाही, कारण मला तटबंदी हवी होती. एकट्याने शिकणाऱ्याला हा धोका कायमचा असतो : त्याची वही तपासायला शेजारी कोणी नसते.

त्याच नियतकालिकात मी अर्ध्या पानाची दुरुस्ती छापली. त्यावर एकही पत्र आले नाही.

तेव्हापासून दर हिवाळ्यात त्या सहलींना जातो. निघोजचे रांजणखळगे, लोणारचे विवर मी या मुलांबरोबरच पाहिले. गेल्या हिवाळ्यात पुन्हा त्या भिंतीपाशी गेलो. एक टोक खडीसाठी फोडलेले होते. ताज्या कापात आडवे खांब कधी नव्हे इतके स्वच्छ दिसत होते. मुलांनी चित्रे काढली. मी पुन्हा पावलांनी भिंत मोजली. पंधरा वर्षांपूर्वीच्या आकड्यापेक्षा चाळीस पावले कमी भरली.