ऐकणारा कोण, हे न विचारणारी तार

चित्र स्वच्छ, पडद्यावरची माणसं ओठ हलवताहेत आणि खोलीत चिडीचूप. स्ट्रीमिंग बॉक्स घरी आणून साउंडबारला किंवा अँप्लिफायरला जोडला, की ही वेळ कधी ना कधी येतेच. पहिला संशय बॉक्सवर जातो, दुसरा साउंडबारवर आणि तिसरा ज्याने वस्तू विकली त्या दुकानदारावर. बहुतेक वेळा तिघंही निर्दोष असतात. डिजिटल आवाज कॅसेटसारखा हळूहळू घासत, भेसूर होत बिघडत नाही. पाठवणारा एका भाषेत बोलतो, घेणाऱ्याला ती येत नाही, आणि मग दोन्ही धडधाकट यंत्रं एकमेकांसमोर गप्प बसतात. दुरुस्ती करायची तर पेचकस बाजूला ठेवून आधी या दोघांच्या बोलीभाषा माहीत हव्यात.

बॉक्सच्या, टीव्हीच्या किंवा डीव्हीडी प्लेअरच्या पाठीमागे एक छोटं, दोन कोपरे छाटलेलं चौकोनी छिद्र दिसतं. बाहेर ‘ऑप्टिकल’ किंवा ‘डिजिटल ऑडिओ आउट’ असं लिहिलेलं. आत डोकावलं तर लाल उजेड. टीव्हीमागच्या त्या जाळ्यात जिच्यातून काही जातंय की नाही हे नुसत्या डोळ्यांनी कळतं, अशी ही एकमेव जोडणी. मला ती फार प्रामाणिक वाटते.

तिचं नाव टॉसलिंक. जपानच्या तोशिबाने ती १९८३ साली आणली. त्याच्या आदल्याच वर्षी, १ ऑक्टोबर १९८२ रोजी, सोनीचा सीडीपी-१०१ हा सीडी प्लेअर जपानी बाजारात आला होता. सीडीवरचे आकडे प्लेअरमध्येच आवाजात न बदलता जसेच्या तसे पुढच्या यंत्राकडे न्यायचे, ही गरज तेव्हाची. आकडे कोणत्या क्रमाने पाठवायचे याचा नियम सोनी आणि फिलिप्स यांनी मिळून ठरवला, म्हणून त्याला एस/पीडीआयएफ म्हणतात. तोच नियम नारिंगी रंगाच्या आरसीए सॉकेटमधून ७५ ओहमच्या तांब्याच्या तारेवरूनही चालतो. तांब्यातून जावो की उजेडातून, मजकूर एकच.

टॉसलिंकची वायर म्हणजे साधारण एक मिलिमीटर जाडीचा प्लॅस्टिकचा तंतू. टेलिफोन कंपन्यांच्या काचेच्या तंतूशी तुलना केली तर हे अगदीच गरीब प्रकरण. दिवा लेसर नव्हे, साधा लाल एलईडी, सुमारे ६५० नॅनोमीटरचा. पाच मीटरपर्यंत निर्धास्त, दहाच्या पुढे भरवसा नाही. कपाटामागे करकचून दुमडली की तंतूला कायमची घडी पडते आणि उजेड तिथेच गळतो. पण या गरिबीतच तिचा मोठा गुण आहे. दोन यंत्रांमध्ये विजेचा संबंधच उरत नाही. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत अर्थिंगची जी तऱ्हा असते, त्यात केबलवाल्याची वायर टीव्हीला आणि टीव्ही तांब्याच्या तारेने अँप्लिफायरला जोडला, की स्पीकरमधून घुंऽऽ असा गुणगुणाट सुरू होतो. ऑप्टिकल लावली की तो गायब. प्लॅस्टिकमधून वीज जात नाही, एवढंच कारण.

आता आतला मजकूर. सीडीचा आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजलेला असतो. हा विचित्र आकडा आला व्हिडिओटेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज टेपवर चित्राच्या रेघांमध्ये साठवत, एका रेघेत तीन मोजमापं, एका फील्डमध्ये २४५ रेघा, सेकंदाला ६० फील्ड. गुणाकार करून पाहावा. प्रत्येक मोजमाप १६ बिटांचं, डावं-उजवं धरून सेकंदाला १४ लाख ११ हजार २०० बिटं. एस/पीडीआयएफ मात्र प्रत्येक मोजमापाला ३२ बिटांची जागा देतं. उरलेल्या जागेत सुरुवातीची खूण असते आणि काही सूचना असतात. सूचनांचं प्रत्येकी एकच बिट दर मोजमापाबरोबर जातं आणि १९२ फ्रेम, म्हणजे डाव्या-उजव्याच्या १९२ जोड्या, जमल्या की त्यांचं पूर्ण पत्रक तयार होतं. ‘याची कॉपी करायला परवानगी आहे का’ हे त्या पत्रकात असतं. ‘हे सरळ आवाजाचे आकडे आहेत की दुसरंच काही’ हेही त्यातच. आपल्या गोष्टीतला खलनायक हा दुसरा रकाना.

तो रकाना कामाला आला १९९० च्या दशकात. डॉल्बी डिजिटल १९९२ मध्ये ‘बॅटमॅन रिटर्न्स’बरोबर चित्रपटगृहांत आलं आणि पुढे डीव्हीडीतून घरात शिरलं. समोर तीन, मागे दोन आणि धमधमाटासाठी एक, असे सहा चॅनल. जुन्या तारेवर जागा मात्र दोनच चॅनलची. तंत्रज्ञांनी युक्ती काढली. सहा चॅनल दाबून लहान करायचे आणि जिथे डाव्या-उजव्याचे आकडे जायचे, तिथे हा दाबलेला मजकूर भरायचा. डॉल्बीची एक फ्रेम १,५३६ मोजमापांची, म्हणजे ४८ किलोहर्ट्झला ३२ मिलिसेकंदांची. तिच्या आधी ठरलेले दोन संकेत-शब्द, मग मजकूर, उरलेल्या जागेत शून्यं. डीव्हीडीवर हा मजकूर फार तर सेकंदाला ४४८ किलोबिटचा, त्यामुळे जागा भरपूर उरते.

अँप्लिफायरने तो रकाना वाचला, संकेत ओळखला, तर सहा चॅनल उलगडतात. वाचलं आणि उलगडता येत नसेल तर तो शहाण्यासारखा गप्प बसतो. रकानाच चुकीचा भरला असेल तर तो त्या मजकुराला सरळ आवाज समजून वाजवतो आणि स्पीकरमधून पत्र्यावर खडे ओतल्यासारखा खरखराट येतो. खरखराट ऐकून माणसं घाबरतात, पण निदान करणाऱ्याच्या दृष्टीने तो शुभशकुन. तार चांगली, दिवा चांगला, फक्त समजूत चुकली.

या सगळ्या कारभारात ऑप्टिकल तारेचा स्वभाव लक्षात ठेवला पाहिजे. ती एकतर्फी आहे. घेणाऱ्याकडून पाठवणाऱ्याकडे काहीच परत येत नाही. स्टेशनवरच्या भोंग्यासारखं तिचं काम: फलाटावर माणूस आहे की नाही, असला तर त्याला कोणती भाषा येते, याची तिला गंधवार्ता नसते. म्हणून कोणत्या भाषेत बोलायचं, हे बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन माणसालाच सांगावं लागतं.

त्यामुळे आवाज बंद पडला की क्रम असा धरावा. आधी वायर साउंडबारच्या टोकाकडून काढून उजेड पाहावा. नव्या वायरच्या टोकांवर पारदर्शक प्लॅस्टिकची इवलीशी टोपणं असतात आणि ती न काढताच वायर दाबून बसवण्याचा प्रकार आपल्या कल्पनेपेक्षा जास्त चालतो. उजेड दिसला, साउंडबारवर इनपुट बरोबर निवडलेला आहे, तरी आवाज नाही, तर बॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमध्ये पीसीएम किंवा स्टिरिओ निवडावं. अँड्रॉइड टीव्हीच्या बॉक्सवर सराउंड साउंडचं ‘ऑटोमॅटिक’ काढून ‘नन’ करावं. पीसीएम म्हणजे दोन चॅनलचे सरळ आकडे. ती भाषा येत नाही असं डिजिटल इनपुटचं यंत्र मी तरी पाहिलेलं नाही. आता आवाज आला, तर तार, सॉकेट, साउंडबार सगळे एका झटक्यात आरोपमुक्त. मग एकेक पायरी वर चढत डॉल्बी, डीटीएस करून पाहावं.

याहून सोपी परीक्षा म्हणजे काय वाजतं आणि काय वाजत नाही ते नीट ऐकणं. यूट्यूबवरची गाणी वाजतात, पण पैसे भरून घेतलेल्या ॲपवरचा सिनेमा मुका, तर गाणी स्टिरिओत येताहेत आणि सिनेमा सहा चॅनलच्या मजकुरात, हे उघड आहे. सिनेमा वाजतो पण मेनूतले टिकटिक आवाज गेले, तर तो बिघाडच नव्हे. दाबलेला मजकूर न उघडता पुढे पाठवताना त्यात टिकटिक मिसळता येत नाही. रिमोटने आवाज कमी-जास्त होईनासा झाला, त्याचंही कारण हेच. बंद मजकुराचा आवाज बॉक्सला बदलता येत नाही, तो साउंडबारवरच बदलायचा. प्रत्येक क्लिपचा पहिला शब्द गिळला जात असेल, तर त्याचं कारण असं, की सरळ आकड्यांवरून दाबलेल्या मजकुरावर जाताना घेणारा क्षणभर तोंड बंद करून नवी लय पकडतो. कोडीसारख्या प्लेअरमध्ये यासाठी आवाजाची वाट सतत जागी ठेवण्याची सोय आहे.

एका तक्रारीकडे मात्र घरातले दुर्लक्ष करतात, कारण ती बहुधा आजी करते. ‘गाणं केवढ्यानं वाजतंय, पण माणसं काय बोलतात ते ऐकूच येत नाही.’ वयाचं कारण सांगून तिला गप्प करण्याआधी सेटिंग पाहावं. सहा चॅनलच्या ध्वनिपट्टीत संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरसाठी असतात. बॉक्सची समजूत सहा स्पीकर असल्याची आणि घरात मात्र दोनच, अशा वेळी मधला चॅनल दोघांत नीट वाटून दिला गेला नाही, तर संगीत तेवढं राहतं आणि संवाद पुटपुटल्यासारखे होतात. सेटिंग स्टिरिओवर आणलं की आजीचं ऐकू येणं सुधारतं.

ऑप्टिकलचा खरा घात पुढच्या पिढीने केला. स्ट्रीमिंगवाल्यांनी डॉल्बी डिजिटल सोडून डॉल्बी डिजिटल प्लस धरलं. मौज अशी, की नेहमीच्या सिनेमाचा हा मजकूर सेकंदाला काहीशे किलोबिटचाच असतो, जुन्या तारेत सहज मावेल एवढा. पण तो तारेवर मांडण्याचा जो नियम ठरला, त्यात चौपट वेग धरला आहे, ४८ ऐवजी १९२ किलोहर्ट्झ. घरगुती ऑप्टिकलची सोय तिथवर नाही. मजकूर लहान असूनही दार बंद! मग बॉक्सला तो उघडून पुन्हा जुन्या डॉल्बीत दाबावा लागतो. काही बॉक्स हे करतात. जे करत नाहीत ते निमूटपणे स्टिरिओ देतात, आणि पाच स्पीकर विकत घेतलेला माणूस वर्षभर दोनच ऐकत राहतो. यात निदान आवाज तरी येतो, म्हणून कुणी तक्रारही करत नाही.

एचडीएमआय या न विचारणाऱ्या ऑप्टिकलच्या नेमकं उलट. २००२ च्या शेवटी आलेली ही तार आधी विचारते. जोडणी होताच समोरचं यंत्र ‘मला हे-हे कळतं’ अशी यादी देतं, तिला ईडीआयडी म्हणतात, आणि बॉक्स त्याप्रमाणे भाषा निवडतो. माणसाने काहीच करायचं नाही. कल्पना उत्तम, पण बॉक्स टीव्हीला आणि टीव्ही साउंडबारला जोडला की उत्तर देतो टीव्ही. त्याला स्वतःच्या दोन किरकोळ स्पीकरांचीच माहिती असेल तर तो ‘दोन चॅनल’ सांगतो आणि बॉक्स त्यावर विश्वास ठेवतो. पलीकडे बसलेल्या महागड्या साउंडबारला कुणी विचारतच नाही. अनेक जुने टीव्ही तर बाहेरून आलेला आवाज आपल्या ऑप्टिकलमधून पुढे देताना त्याचा स्टिरिओ करून टाकतात. म्हणून तार शक्यतो बॉक्समधून सरळ साउंडबारला आणि तिथून टीव्हीला न्यावी. मधला माणूस जितका कमी, तितकं खोटं कमी. ‘सगळं बंद करून पुन्हा चालू करा’ हा सल्लाही इथे अंधश्रद्धा नाही. तार काढून घातली की यादी नव्याने वाचली जाते.

२००९ च्या एचडीएमआय १.४ मध्ये एआरसी आलं. तोवर राखीव ठेवलेली १४ नंबरची पिन कामाला लावली आणि टीव्हीचा आवाज त्याच तारेतून उलटा साउंडबारकडे नेला. २०१७ च्या २.१ मध्ये ईएआरसी आलं. त्याने वाट रुंद केली, न दाबलेले आठ चॅनलही जाऊ लागले आणि टीव्हीच्या पलीकडच्या साउंडबारलाही आपली यादी स्वतः सांगता येऊ लागली. आता लाल दिव्याची गरज कुणाला? ॲपलने २००७ पासून आपल्या टीव्ही-बॉक्सला दिलेलं ऑप्टिकल २०१५ च्या मॉडेलात काढलं. गूगलच्या त्याच वर्षीच्या क्रोमकास्ट ऑडिओत हेडफोनच्या छिद्रातच ऑप्टिकल लपवलं होतं. ती वस्तूच २०१९ मध्ये बंद झाली.

पण घरातला अँप्लिफायर बॉक्सच्या मॉडेलाप्रमाणे दर तीन वर्षांनी बदलत नाही, बदलूही नये. म्हणून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या बुधवार पेठेत आजही ऑप्टिकल वायर मिळते. सोन्याचा मुलामा दिलेल्या टोकांची महागडीही मिळते. उजेडाला सोन्याचा काय उपयोग, हे विक्रेत्याला विचारण्यात अर्थ नाही. त्याच दुकानांत काड्यापेटीहून जरा मोठी डबी मिळते, एचडीएमआय ऑडिओ एक्स्ट्रॅक्टर. बॉक्स आणि टीव्हीच्या मध्ये ती बसवायची. चित्र पुढे जातं, आवाज ऑप्टिकलमधून बाहेर पडतो. पुष्कळ डब्यांच्या कडेला नखाने सरकवायचं एक बटण असतं आणि त्यावर तीन खुणा: २ सीएच, ५.१, पास. बॉक्स यादी मागेल तेव्हा काय सांगायचं, ते हे बटण ठरवतं. ‘पास’वर टीव्हीचीच यादी पुढे जाते, म्हणजे मुळातला घोळ तसाच. जुना डॉल्बी अँप्लिफायर असेल तर ५.१, नुसते दोन स्पीकर असतील तर २ सीएच. बटण सरकवल्यावर डबीची वीज एकदा काढून पुन्हा द्यायची, नाहीतर बॉक्स जुनीच यादी धरून बसतो.