पोर्टच्या पलीकडे कोण?

नेटवर्कचा नकाशा बहुतेक कार्यालयांत एखाद्या एक्सेल फाइलमध्ये पडून असतो आणि सहसा शिळा असतो. केबल एका पोर्टमधून काढून दुसऱ्यात खोचणे क्षणाचे काम. नोंद बदलायला मात्र कोणाला सवड नसते. एलएलडीपी हा प्रोटोकॉल ती नोंद यंत्रांकडूनच करून घेतो. सिस्कोचा सीडीपी आधीपासून होता, पण तो मुख्यतः त्याच कंपनीच्या उपकरणांपुरता. सर्व कंपन्यांना चालेल असा एलएलडीपी आयईईईने २००५ साली ८०२.१एबी या क्रमांकाने प्रमाणित केला. त्याची रीत साधी आहे. स्विच साधारण दर ३० सेकंदांनी प्रत्येक पोर्टवरून एक छोटी फ्रेम सोडतो: मी कोण, कोणत्या पोर्टवरून बोलतो, ही माहिती किती वेळ खरी धरायची. ती मुदत सहसा दोन मिनिटांची असते. फ्रेमवरचा पत्ता असा राखीव, की प्रमाणाला धरून चालणारा स्विच ती पुढे पाठवत नाही. यात उत्तराची अपेक्षाच नाही. बोलणे वेगळे, ऐकणे वेगळे. म्हणून ‘एलएलडीपी चालू ठेवायचा की बंद’ हा प्रश्न मला अपुरा वाटतो. निर्णय पोर्टनिहाय आणि दिशानिहाय घ्यायला हवा.

सुरक्षेची काळजी वाहणारे म्हणतील, सरसकट बंदच करा. त्यांची भीती खोटी नाही. फ्रेम उघडी असते, तिच्यावर सही-शिक्का नसतो, आणि तिच्यात उपकरणाचे मॉडेल, सॉफ्टवेअरची आवृत्ती, व्यवस्थापनाचा आयपी पत्ता असे बरेच काही जाऊ शकते. बैठकीच्या खोलीत लॅपटॉप जोडणारा कोणीही ते वाचेल. ऐकण्यातही धोका आहे: २०२० साली आर्मिस या कंपनीने सिस्कोच्या सीडीपी हाताळणीतल्या पाच त्रुटी उघड केल्या, त्या नेमक्या आलेली फ्रेम वाचण्यातल्या होत्या. पण सरसकट बंदीचीही किंमत असते. आयपी फोनला आवाजाचे व्हीएलॅन कोणते, हे बहुधा एलएलडीपी-मेड या त्याच्या विस्तारातूनच कळते. वायरलेस ॲक्सेस पॉइंटही जास्तीची वीज अनेकदा एलएलडीपीतूनच मागतो आणि ती न मिळाल्यास काही मॉडेल रेडिओची ताकद कमी करतात. तेव्हा इंटरनेट पुरवठादाराकडे जाणाऱ्या पोर्टवर दोन्ही दिशा बंद, स्विच-स्विचमध्ये दोन्ही चालू. फोनच्या पोर्टवर मात्र बोलावेच लागते. तिथे आवृत्ती आणि व्यवस्थापनाचा पत्ता हे ऐच्छिक भाग तेवढे गाळावेत. सिस्कोच्या अनेक स्विचवर ‘एलएलडीपी रन’ ही एकच ओळ टाकली की सगळे पोर्ट बोलू लागतात, आणि बरेचजण तिथेच थांबतात. खरे काम त्या ओळीनंतरचे.

दुसरा आक्षेप अचूकतेचा, आणि तो मला जास्त वजनदार वाटतो. मधे एखादा स्वस्तातला अनमॅनेज्ड स्विच असेल तर तो फ्रेम तशीच पुढे ढकलू शकतो. मग यादीत दिसणारा शेजारी प्रत्यक्षात दोन केबलींपलीकडे असतो. अशा वेळी पलीकडची केबल निघाली तरी आपला पोर्ट चालूच राहतो आणि मुदत संपेपर्यंत तो शेजारी यादीत टिकून राहतो. शिवाय पोर्टचे वर्णन माणसानेच टंकलेले, तेही एक्सेलइतकेच शिळे असू शकते. म्हणून एलएलडीपीची यादी साक्ष म्हणून घ्यावी, निकाल म्हणून नव्हे. एका पोर्टवर अनपेक्षितपणे दोन शेजारी दिसले, तर यादीवर वाद घालण्याआधी टेबलाखाली कोणी स्विच लावला आहे का ते बघावे.