ई-हुक्का : पारख वाफेची आणि कायद्याची

तंबाखूचे व्यसन प्रत्येक पिढीपुढे नवे रूप घेऊन उभे राहते. चिलीम, विडी, सिगारेट, गुटखा या क्रमात आता विजेवर चालणाऱ्या हुक्क्याची भर पडली आहे. मुठीत मावणारे, रंगीत वेष्टनाचे आणि फळांच्या वासाचे हे उपकरण द्रव संपला की फेकून द्यावयाचे असते. निखारा नको, पाणी नको, राख नाही आणि झुरका मात्र हुक्क्यासारखा भरघोस, असे त्याचे वर्णन केले जाते. ‘फक्त प्रौढांसाठी’ असा शिक्काही त्यावर असतो. या वर्णनामुळे अनेक सुशिक्षित माणसांचाही समज होतो की, ही वस्तू निरुपद्रवी आणि कायदेशीर असावी.

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) हे मराठवाड्याचे शैक्षणिक केंद्र आहे. १९५० साली सुरू झालेले मिलिंद महाविद्यालय आणि १९५८ साली स्थापन झालेले, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणारे मराठवाडा विद्यापीठ यांमुळे खेड्यापाड्यांतील हजारो मुलेमुली येथे शिकावयास येतात. शहरात रुजलेली सवय सुटीच्या दिवसांत गावी पोहोचण्यास वेळ लागत नाही. म्हणून अधिकारी, शिक्षक आणि पंचायत सदस्य या तिघांनाही या वस्तूची नेमकी पारख असणे आवश्यक आहे.

दख्खनचा जुना हुक्का

हुक्का या भूमीला नवा नाही. पोर्तुगीजांमार्फत तंबाखू प्रथम दख्खनमध्ये आला. सतराव्या शतकाच्या प्रारंभी विजापूरहून परतलेल्या असद बेग या सरदाराने तो अकबराच्या दरबारी सादर केल्याची नोंद आहे. जहांगीर बादशहाने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली. ती टिकली नाही. पुढे बिदरी कामाची हुक्क्याची भांडी ही दख्खनच्या कारागिरीची ओळख ठरली.

पाण्यातून गेल्याने धूर शुद्ध होतो, ही समजूत तेव्हापासून चालत आली आहे. वास्तविक पाणी धूर थंड करते; त्यातील विषे ते काढून घेत नाही. धूर थंड झाल्यामुळे तो घशाला टोचत नाही आणि अधिक खोलवर ओढला जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने २००५ साली दिलेल्या माहितीनुसार हुक्क्याची एक बैठक २० ते ८० मिनिटे चालते व तीत ५० ते २०० झुरके घेतले जातात. प्रत्येक झुरका ०.१५ ते १ लिटरचा असतो. एका बैठकीत शंभर किंवा त्याहून अधिक सिगारेटींइतका धूर शरीरात जाऊ शकतो. शिवाय निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड रक्तात मिसळतो, तो वेगळाच.

उपकरणाची रचना

विजेच्या हुक्क्यात चार मुख्य भाग असतात : लिथियमची बॅटरी, तारेचे वेटोळे, द्रव शोषून घेणारा कापूस आणि द्रव. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, सुवासिक द्रव्ये आणि बहुधा निकोटीन असते. झुरका घेताच वेटोळे तापते व द्रवाचे सूक्ष्म थेंब हवेत मिसळतात. त्यांनाच आपण वाफ म्हणतो. ही पाण्याची वाफ नव्हे, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे.

अशी उपकरणे ओढण्याच्या दोन पद्धती आहेत. पहिलीत सिगारेटप्रमाणे झुरका आधी तोंडात घेऊन मग फुप्फुसात नेतात. दुसरीत श्वास घ्यावा त्याप्रमाणे वाफ थेट फुप्फुसात ओढतात. हुक्क्याची पद्धत ही दुसरी होय. तिच्यासाठी हवेची वाट रुंद ठेवतात आणि वेटोळ्याचा विद्युतरोध कमी ठेवतात, म्हणजे एका झुरक्यात पुष्कळ द्रव उडतो.

टक्केवारीचा भुलावा

या वस्तूची पारख करताना सर्वाधिक फसगत होते ती निकोटीनच्या टक्केवारीने. वेष्टनावरील आकडा कमी दिसला म्हणजे निकोटीन कमी, असे मानले जाते. परंतु शरीरात किती निकोटीन गेले, हे द्रवाची तीव्रता आणि ओढलेल्या द्रवाचे प्रमाण या दोहोंवर अवलंबून असते. सिगारेटची यंत्राद्वारे चाचणी करताना एक झुरका ३५ मिलिलिटरचा धरण्याची पद्धत आहे. विश्रांतीच्या वेळी मनुष्य घेतो तो साधा श्वास सुमारे ५०० मिलिलिटरचा असतो. जेथे झुरक्याची जागा श्वास घेतो, तेथे तीव्रता कमी असूनही एकूण मात्रा मोठी होऊ शकते. ताकात पाणी घालून पातळ केले आणि पेल्याऐवजी तांब्याभर प्यायले, तर पोटात गेलेले ताक कमी झाले असे कोणी म्हणणार नाही.

साधा हिशेब पाहू. एका मिलिलिटरमध्ये २० मिलिग्रॅम निकोटीन असलेला १० मिलिलिटर द्रव उपकरणात असेल, तर त्यात एकूण २०० मिलिग्रॅम निकोटीन झाले. एक सिगारेट ओढणाऱ्याच्या शरीरात साधारणतः १ ते दीड मिलिग्रॅम निकोटीन शोषले जाते. उपकरणातील सर्व निकोटीन शरीरात जाते असे नाही. तरीही साठा केवढा मोठा आहे, याची यावरून कल्पना येते. सिगारेट संपली की थांबण्याची एक वेळ येते. येथे तशी वेळ येत नाही. बॅटरी व द्रव असेपर्यंत झुरके चालूच राहतात.

युरोपीय संघाने अशा उपकरणांसाठी दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटीन आणि २ मिलिलिटर द्रव अशी मर्यादा घातली आहे. भारतात या वस्तूचे उत्पादन व आयातच निषिद्ध असल्याने जे मिळते ते चोरट्या मार्गाचे असते. त्यावरील आकड्याची हमी देणारी कोणतीही यंत्रणा नाही. ‘निकोटीनविरहित’ अशी अक्षरे असलेल्या द्रवांतही तपासणीअंती निकोटीन सापडल्याची उदाहरणे इतर देशांत आहेत.

लाभ आणि हानी

पारख निष्पक्ष हवी असेल, तर दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. या उपकरणात तंबाखू जळत नाही आणि निखारा नसतो. त्यामुळे डांबर निर्माण होत नाही व कार्बन मोनॉक्साइडचा प्रश्न जवळजवळ उरत नाही. ब्रिटनमधील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ च्या अहवालात अशा वाफेची दीर्घकालीन हानी धूम्रपानाच्या हानीच्या ५ टक्क्यांहून अधिक असण्याची शक्यता कमी आहे, असे मत दिले. सिगारेट सोडण्यास या उपकरणांचे साहाय्य होते, असे अनेक चाचण्यांतून दिसलेही आहे. मात्र हा लाभ जो मनुष्य जळता तंबाखू पूर्णपणे सोडतो त्यालाच मिळतो. सिगारेटही चालू आणि वाफही चालू, अशा माणसाला तो मिळत नाही. जो मुळात धूम्रपान करीत नव्हता त्याच्या वाट्याला तर निव्वळ हानी येते.

ती हानी कोणती? निकोटीनने व्यसन जडते, हृदयाची गती व रक्तदाब वाढतो. वाढत्या वयातील मेंदूवर व गर्भावर त्याचे दुष्परिणाम होतात. वेटोळे अति तापल्यास ग्लिसरीनसारख्या द्रव्यांपासून फॉर्माल्डिहाइड व अॅक्रोलीन तयार होतात. काही उपकरणांच्या वाफेत निकेल, क्रोमियम व शिसे आढळले आहे. सुवासिक द्रव्ये खाण्यास चालतात म्हणून ती श्वासातून घेण्यासही योग्य ठरत नाहीत. लोण्याचा वास देणारे डायअॅसिटिल हे द्रव्य मक्याच्या लाह्यांच्या कारखान्यांतील कामगारांच्या फुप्फुसविकाराला कारणीभूत ठरले होते. अमेरिकेत २०१९-२० मध्ये वाफ ओढण्याशी संबंधित फुप्फुसविकाराने २,८०७ रुग्ण रुग्णालयात दाखल झाले वा मृत्यू पावले; त्यांपैकी ६८ मृत्यूंची निश्चिती झाली. त्यांतील बहुसंख्य प्रकरणे गांजातील मादक द्रव्य मिसळलेल्या चोरट्या द्रवाची होती आणि ई जीवनसत्त्वाचे एक संयुग त्यास मुख्यतः जबाबदार ठरले. द्रवात काय मिसळले आहे हे ठाऊक नसताना तो श्वासात घेणे किती धोक्याचे आहे, हा त्यातील बोध होय.

हा लाभ महाराष्ट्रात कितीजणांना मिळू शकला असता, हेही पाहणे उचित ठरेल. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यातील २६.६ टक्के प्रौढ कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे अवघे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. आपला मुख्य शत्रू पुडीत आहे. तंबाखू चोळणाऱ्या शेतकऱ्याला फळांच्या वासाच्या ई-हुक्क्याचा काहीही उपयोग नाही. त्याचा रंग, वास आणि आकार ज्याला भुरळ घालतो, तो त्या शेतकऱ्याचा शिकणारा मुलगा आहे.

कायदा काय सांगतो

मुंबईतील कमला मिल आवारात २९ डिसेंबर २०१७ रोजी लागलेल्या आगीत १४ जणांचा बळी गेला. त्यानंतर राज्याने २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यात २०१८ साली दुरुस्ती करून हुक्का पार्लरवर बंदी घातली. त्यासाठी १ ते ३ वर्षे कारावास आणि ५० हजार ते १ लाख रुपये दंड अशी शिक्षा आहे. या दुरुस्तीतील व्याख्या तंबाखूचा उल्लेख करते. त्यामुळे ‘आमचा हुक्का वनौषधींचा आहे’ हा बचाव पुढे येऊ लागला.

ई-हुक्क्याला हा बचाव उपलब्ध नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी निघालेल्या अध्यादेशाची जागा त्याच वर्षी संसदेच्या कायद्याने घेतली. या कायद्याच्या व्याख्येत ई-हुक्क्याचा नावानिशी समावेश आहे आणि द्रवात निकोटीन असो वा नसो, तो लागू होतो. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वितरण व जाहिरात या सर्वांवर बंदी आहे. संगणकाद्वारे होणारी विक्रीही त्यात आली. पहिल्या गुन्ह्यास १ वर्षापर्यंत कारावास किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पुढील गुन्ह्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व ५ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. साठा करणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कारावास किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत. ग्राहक प्रौढ आहे, ही सबब विक्रेत्याला उपयोगी पडत नाही.

केवळ ओढणाऱ्यासाठी या कायद्याने स्वतंत्र शिक्षा सांगितलेली नाही. कायद्याचा रोख व्यापारावर आहे आणि विद्यार्थ्यांशी वागताना ही बाब ध्यानात ठेवली पाहिजे. मुलांना तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास २०१५ च्या बाल न्याय कायद्यान्वये ७ वर्षांपर्यंत सश्रम कारावास होऊ शकतो.

आपण काय करावे

शिक्षकांनी ही वस्तू ओळखण्यास शिकावे. ती लेखणी, पेन ड्राइव्ह किंवा अत्तराची कुपी यांसारखी दिसू शकते. दप्तरात सापडल्यास वर्गापुढे मुलाची मानहानी करू नये. पालकांना बोलावून ती कोठून मिळाली याची शांतपणे विचारणा करावी. उपकरण उघडू नये, तापवू नये. द्रव त्वचेवर सांडल्यास भरपूर पाण्याने धुवावा. लहान मुलाने तो प्यायल्याची शंका आली, उलटी, घाम वा चक्कर ही लक्षणे दिसली, तर विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ग्रामपंचायत सदस्यांनी ग्रामसभेत हा विषय घ्यावा. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखूची विक्री होणार नाही, याकडे लक्ष द्यावे. झडती व जप्तीचा अधिकार पोलीस उपनिरीक्षक व त्यावरील दर्जाच्या, तसेच शासनाने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्यांना आहे. सदस्यांनी स्वतः दुकानाची झडती घेऊ नये, माहिती पोलीस ठाण्यास द्यावी.

नगरपालिका व स्वच्छता विभागाच्या अधिकाऱ्यांसाठी हा कचऱ्याचाही प्रश्न आहे. कचऱ्यात दबलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते. नारेगावच्या निमित्ताने २०१८ साली उद्भवलेला कचऱ्याचा प्रश्न या शहराच्या स्मरणात आहे. अशा वस्तू ई-कचरा म्हणूनच वेगळ्या काढल्या पाहिजेत. धूम्रपान सोडण्यासाठी वाफेच्या उपकरणास अनुकूल असलेल्या ब्रिटनने देखील एकदा वापरून टाकावयाच्या उपकरणांवर १ जून २०२५ पासून बंदी घातली, ती मुलांमधील प्रसार आणि कचरा या दोन कारणांनी.

ज्या प्रौढास हुक्का अथवा सिगारेट सोडावयाची आहे, त्याला मार्ग बंद नाही. तंबाखू सोडण्यासाठी राष्ट्रीय दूरध्वनी सेवा १८००-११२-३५६ या निःशुल्क क्रमांकावर उपलब्ध आहे. निकोटीनचा मोजका अंश असलेले च्युइंगगम औषध म्हणून मिळते; त्याची मात्रा ठाऊक असते आणि ती वैद्यकीय सल्ल्याने हळूहळू उतरवता येते. ई-हुक्क्यात नेमके हेच शक्य नसते. त्याची मात्रा मोजलेली नसते, ती उतरवणारे कोणी नसते आणि विकणाऱ्याचे हित ती वाढण्यातच असते. गावातील एखादा तरुण ‘ही तर नुसती वाफ आहे’ असे म्हणेल, तेव्हा शिक्षकाने वा सरपंचाने त्याला रागे न भरता हा हिशेब समजावून सांगावा.