कमानपाटे का तुटतात?

महाराष्ट्राच्या पूर्व सीमेवरील गोंदिया जिल्हा धानासाठी प्रसिद्ध आहे. खरिपाचे धान बांधीतून निघाले की खरेदी केंद्रे, गोदामे आणि भातगिरण्या यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर मालमोटारींची वर्दळ सुरू होते. याच दिवसांत आमगाव, देवरी किंवा अर्जुनी मोरगावकडील एखाद्या रस्त्याच्या कडेला एका अंगावर कललेली मालमोटार दिसते. ‘खड्ड्यात चाक आदळले आणि पाटा तुटला’ एवढेच तिचा चालक सांगतो. ते खरे असले, तरी संपूर्ण सत्य नव्हे. शेवटचा खड्डा निमित्तमात्र असतो. पाटा तुटण्याची सुरुवात पुष्कळ आधी झालेली असते.

पोलादाचा थकवा

एकावर एक ठेवलेल्या पोलादी पाट्यांची कमान चाकांचा आस आणि गाडीचा सांगाडा यांच्यामध्ये बसविलेली असते. सर्वांत लांब अशा मुख्य पाट्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात व ते सांगाड्याला जोडलेले असतात. भार आला की कमान सपाट होते आणि भार उतरला की पूर्ववत होते. प्रत्येक धक्क्यागणिक ही क्रिया घडते व त्या वेळी पाट्याच्या वरच्या पृष्ठभागावर ताण येतो.

एका धक्क्याने न तुटणारे पोलाद लाखो धक्क्यांनी थकते. जर्मन अभियंता ऑगस्ट व्होलर यांनी एकोणिसाव्या शतकात रेल्वेच्या आसांवर प्रयोग करून ही गोष्ट सिद्ध केली. भार थोडा वाढला तरी पोलादाचे आयुष्य त्याच प्रमाणात नव्हे, तर त्याहून कितीतरी अधिक वेगाने घटते. धानाचा कट्टा ४० किलोचा धरला, तर २५ जादा कट्टे म्हणजे पूर्ण एक टन होतो. ‘थोडेसेच जास्त’ भरण्याची किंमत अशी पाट्याला मोजावी लागते.

पावसाळ्यातील जखम, हंगामातील मोड

थकव्याची भेग बहुधा पृष्ठभागावरील एखाद्या दोषापासून सुरू होते. पावसाळ्यात पाट्यांच्या फटींत चिखल व पाणी साचते, गंज चढतो आणि त्याचे बारीक खळगे पडतात. त्यानंतर लगेच धानाचा हंगाम येतो आणि दुखावलेल्या पाट्यावर वर्षातील सर्वांत मोठा भार पडतो. कमान आसाला आवळून धरणारे यू-बोल्ट सैल झाले, तर पाटा मधल्या बोल्टच्या छिद्रापाशी वाकू लागतो व तेथेच मोडतो. झिजलेले बुश आणि अडकलेले शॅकल यांचाही परिणाम वाईटच होतो.

तुटलेला पाटा टाकून देण्यापूर्वी त्याचे तोंड पाहावे. काही भाग गुळगुळीत व गंजलेला आणि उरलेला भाग चकचकीत, दाणेदार दिसला, तर भेग जुनी होती आणि शेवटचा तुकडा मात्र ताजा मोडला, असे समजावे.

लहान मोटारींत पाट्यांऐवजी वेटोळ्याच्या स्प्रिंगा असतात. त्या बहुधा खालच्या वेटोळ्यापाशी तुटतात. तेथे बैठकीत चिखल साचतो, घासून रंग निघतो आणि गंज लागतो. तुटलेले टोक टायरमध्ये घुसण्याचा धोका असतो.

नवा पाटा निवडताना

गाडीच्या नमुन्यानुसार पाट्यांची संख्या, रुंदी, जाडी, डोळ्यांमधील अंतर आणि कमानीचा बाक जुळला पाहिजे. जाडीतील लहानसा फरकही मोठा असतो. पाटा १० टक्के जाड घेतला तर तो सुमारे ३३ टक्क्यांनी कडक होतो. वेटोळ्याची तार १० टक्के जाड घेतली तर स्प्रिंग सुमारे ४६ टक्क्यांनी कडक होते. म्हणून एकाच आसाच्या दोन्ही बाजूंची कमान सारखी असावी. एक बाजू जुनी व दबलेली राहिली, तर गाडी कलते.

‘एक पाटा वाढवा, जास्त माल बसेल’ हा सल्ला घातक आहे. पाटा वाढविल्याने आस, टायर, ब्रेक आणि सांगाडा यांची ताकद वाढत नाही. नोंदणी पुस्तकातील भारमर्यादाही बदलत नाही. मर्यादेपेक्षा जास्त भारासाठी मोटार वाहन (सुधारणा) अधिनियम, २०१९ मध्ये २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे आणखी २ हजार रुपये दंडाची तरतूद आहे.

तुटलेला पाटा वेल्डिंगने जोडू नये. उष्णतेने त्याचे पाणी जाते आणि सांध्याशेजारी तो पुन्हा मोडतो. जुन्या पाट्यांपासून लोहार उत्तम विळे व कोयते घडवितात, कारण ते पोलाद मुळात कसदार असते. परंतु थकलेला पाटा पुन्हा गाडीला बसविणे योग्य नव्हे.

नव्या कमानीबरोबर यू-बोल्ट, मधला बोल्ट व बुशही नवे घ्यावेत. भरलेल्या गाडीच्या एक-दोन खेपांनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत. वेटोळ्याची स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत असते. ती योग्य साधनाशिवाय सोडविल्यास उसळून जिवावर बेतू शकते. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे.

मुख्य पाटा तुटला की आस जागेवरून सरकतो, गाडी एका बाजूला ओढते आणि चालकाचा ताबा सुटू शकतो. मालावर बसून जाणाऱ्या हमालांच्या दृष्टीने हा धोका अधिकच गंभीर आहे. त्यांना तेथे बसू देऊच नये. पावसाळा संपताच, धानाची पहिली खेप भरण्याआधी, पाटे धुऊन त्यांवरील भेगा व बोल्ट तपासण्यास अर्धा तास पुरतो. तेवढी दक्षता घेतली, तर माल वेळेवर पोचतो आणि माणसेही सुखरूप घरी परततात.