परगावी तान्ह्याची झोप : घडीचा पाळणा निवडताना

चातुर्मास संपतो, कार्तिकी पौर्णिमेला शत्रुंजयाची यात्रा पुन्हा खुली होते आणि पाठोपाठ लग्नाचे मुहूर्त सुरू होतात. आपल्या घराघरांतील बॅगा माळ्यावरून खाली उतरण्याचा हा काळ. कपडे, दागिने, आहेर, वाटेतला सुका फराळ यांच्या याद्या बारकाईने केल्या जातात. मात्र घरातील सर्वांत लहान प्रवासी रात्री कोठे निजणार, हा प्रश्न बहुधा मुक्कामी पोहोचल्यावरच कोणाला तरी आठवतो.

मग काय होते, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. लग्नघरातील एखाद्या खोलीत रुंद पलंगाच्या मधोमध बाळाला निजवतात, दोन्ही बाजूंना उशा आणि लोड लावतात, अंगावर जाड शाल घालतात आणि ‘आता पडायचे भय नाही’ असे म्हणून मंडळी हळदीच्या कार्यक्रमाला खाली जातात. हेतू मायेचाच असतो. परंतु पडण्याच्या भयापोटी रचलेल्या उशाच बाळाला अधिक धोक्याच्या ठरू शकतात. अगदी तान्ह्या मुलाचे तोंड मऊ उशीत रुतले, तर मान वळवून नाक मोकळे करण्याची ताकद त्याच्या अंगी नसते. गुदमरणारे बाळ रडूही शकत नाही. म्हणून शेजारच्या खोलीतही काही कळत नाही.

अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला या बाबतीत स्पष्ट आहे. बाळाला प्रत्येक वेळी उताणे निजवावे. बिछाना सपाट व घट्ट असावा. त्यात उशी, दुलई, खेळणी, कडेच्या गाद्या यांपैकी काहीही नसावे. आणि किमान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत, परंतु स्वतःच्या वेगळ्या बिछान्यावर असावे. परगावी हे सारे साधायचे, तर घडीचा पाळणा, म्हणजे बाजारात ज्याला ‘ट्रॅव्हल कॉट’ म्हणतात तो, फार उपयोगी पडतो.

दुकानात प्रथम बिछाना पाहावा. तळहाताने दाबून हात उचलताच तो पूर्ववत सपाट झाला पाहिजे. खळगा राहत असेल तर तो पाळणा घेऊ नये. बिछाना आणि भिंत यांच्यामध्ये दोन बोटांहून अधिक फट नसावी. चारही भिंती बारीक जाळीच्या असाव्यात, म्हणजे हवा खेळती राहते आणि बाळ बाहेरून दिसते. जाळी कोठेही उसवलेली नसावी, कारण कपड्याचे बटण किंवा बोट त्यात अडकते. डोक्याकडून उंच असलेले उतरते बिछाने रात्रीच्या झोपेसाठी घेऊ नयेत. त्यात बाळाची हनुवटी छातीवर टेकून श्वासमार्ग दबू शकतो. २०१९ साली अमेरिकेत अशा एकाच प्रकारचे सुमारे ४७ लाख बिछाने बाजारातून परत मागवावे लागले. युरोपचे ‘ईएन ७१६’ किंवा अमेरिकेचे ‘एएसटीएम एफ ४०६’ हे मानक लेबलावर आहे का, तेही पाहावे.

येथे घरातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप हमखास येतो. या पाळण्यासोबत मिळणारी गादी पातळ आणि कडक असते. ती पाहून आजी म्हणतात, “इतक्या कठीण फळीवर लेकराला कसे निजवू? थांबा, खाली गोधडी घालते.” सुनेला उलट बोलणे जड जाते आणि गोधडी घातली जाते. ही गोष्ट मात्र होऊ देऊ नये. वरून घातलेल्या गादीमुळे कडेला फट तयार होते आणि बाळ त्या फटीत सरकून जाळीला तोंड टेकते. आपण कापडाचा पोत बोटांनी ओळखणारी माणसे. मऊ ते उंची, ही आपली सवय. तान्ह्याच्या बिछान्यापुरती ती सवय बाजूला ठेवावी लागते. आजींना हे प्रवासाच्या आधी, घरीच आणि शक्यतो त्यांच्या मुलाने समजावून सांगावे.

दुसरा प्रश्न जुन्या पाळण्याचा. नणंदेचा, जावेचा पाळणा वापरण्याची आपली पद्धत काटकसरीची आणि जिव्हाळ्याची आहे. तरी तो नीट तपासूनच घ्यावा. १९९८ साली शिकागो येथे मुले सांभाळणाऱ्या एका घरी घडीच्या पाळण्याचे वरचे दांडे मध्ये दुमडले आणि त्यात मान अडकून एका बालकाचा मृत्यू झाला. तो पाळणा १९९३ सालीच सदोष ठरवून परत मागवलेला होता; ही वार्ता त्या घरापर्यंत पोहोचलीच नव्हती. त्या मातापित्यांनी पुढे या प्रश्नासाठीच स्वतःला वाहून घेतले. २००८ साली अमेरिकेत कायदा झाला, तेव्हापासून अशा वस्तूंसोबत खरेदीदाराने भरून पाठवायचे नोंदणीपत्र देणे उत्पादकांना बंधनकारक आहे. म्हणून पाळणा कोणाकडूनही आला, तरी त्याचे मॉडेल नाव इंटरनेटवर शोधून तो परत मागवलेला नाही याची खात्री करावी. चारही दांड्यांचे खटके बसतात का, ते जोर देऊन पाहावे. माहितीपत्रक मागून घ्यावे. खटका सैल असल्यास तो दोरीने बांधून चालवून घेऊ नये.

वजनाचाही विचार हवा. हलके पाळणे सुमारे ६ किलोचे, तर नेहमीचे १० ते १२ किलोपर्यंत भरतात. धर्मशाळेचे दोन मजले चढताना हा फरक चांगलाच जाणवतो. विमानाने जायचे असल्यास पाळणा सामानाच्या वजनात धरला जाईल का, हे तिकीट काढतानाच विचारावे. काही हलक्या पाळण्यांचा तळ थेट जमिनीला टेकतो. गार फरशीवर त्याच्या खाली चटई अंथरावी, आत नव्हे. मोटारीतील आसनावर बाळ झोपी गेले असेल, तर मुक्कामी पोहोचताच त्याला सपाट बिछान्यावर घ्यावे.

पाळणा मांडताना पडद्याच्या दोऱ्या, मोबाइल चार्जरच्या वायरी आणि खिडकी यांपासून दूर मांडावा. मच्छरदाणी त्याच पाळण्यासाठी बनवलेली, ताठ बसणारी असावी. निजवण्यापूर्वी बाळाच्या गळ्यातील साखळी किंवा काळा दोरा काढून ठेवावा. वजनाची व उंचीची मर्यादा लेबलावर असते. मूल वर चढू लागले की मात्र ती मर्यादा गाठण्याआधीच पाळणा बंद करावा.

निघण्यापूर्वी दोन-तीन रात्री बाळाला घरीच या पाळण्यात निजवून पाहावे. त्याला जागेची ओळख होते आणि आपल्या हातांना घडी उलगडण्याची सवय होते. मग मुक्कामी पोहोचल्यावर बॅगा उघडण्यापूर्वी प्रथम पाळणा मांडावा. हळदीला खाली जाताना बाळाजवळ घरातील एक जाणते माणूस बसवावे आणि उशा पलंगावरच राहू द्याव्यात.