एंजिनाचें पाणी

डिझेल एंजिन हा शब्द कानीं पडतांच हा आपला प्रांत नव्हे असें पुष्कळांस वाटेल. परंतु ज्यांचें बिऱ्हाड येरवड्यांतील एखाद्या उंच इमारतींत आहे, त्यांच्या आवाराच्या कोपऱ्यांत असें एक एंजिन बहुधा उभें असतें. वीज गेली कीं लिफ्ट, पाण्याचा पंप आणि जिन्यांतले दिवे त्याच्याच जिवावर चालतात. त्याचें तेल संपलें तर सर्वांच्या लक्षांत येतें. पाण्याची आठवण मात्र यंत्र बंद पडल्यावर होते.

पुणेकरांस हें यंत्र परकें नाहीं. किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी १९४६ सालीं स्थापन झाली, आणि येरवड्याहून मुळा ओलांडतांच लागणाऱ्या खडकीस तिचा कारखाना उभा राहिला. त्याच्याही अर्धशतक आधीं, १८९७ सालीं, रुडॉल्फ डिझेल यानें जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें आपलें पहिलें यशस्वी एंजिन चालवून दाखविलें होतें.

तेलांत सांठलेल्या उष्णतेचा आपण एक रुपया मानूं. त्यांतील सुमारें सहा आणे प्रत्यक्ष कामीं येतात, पांच आणे धुराबरोबर निघून जातात, आणि चारपांच आणे उष्णता सिलिंडरच्या भिंतींत शिरते. ही शेवटची उष्णता बाहेर नेणें हें पाण्याचें काम. आंतील ज्वाळेचें तपमान दोन हजार अंशांच्या आसपास जातें, आणि बीड तर बाराशें अंशांच्या आंतच वितळतें. भिंतीमागें पाणी खेळत असतें म्हणूनच तें बीड टिकतें. पाणी आटलें तर प्रथम वंगणाचा पातळ थर जळतो, मग दट्ट्या फुगून सिलिंडरला घासतो आणि अखेर त्यांतच अडकून बसतो.

आतां पाणी कोणतें घालावें? येथेंच बहुतेक सोसायट्यांचें नुकसान होतें. रखवालदाराच्या हाताशीं बोअरचा किंवा टँकरचा नळ असतो आणि तो बादली भरून ओततो. त्यांत त्याला दोष कसा द्यावा? दुसरें पाणी त्याला कोणी दिलेलेंच नसतें. आपल्या खडकाळ भागांतील बोअरचें पाणी पुष्कळदां जड असतें. तें तापलें म्हणजे त्यांतील चुना वेगळा होऊन भिंतीवर पांढरें पुट धरतो. गीझरच्या कांबीवर तें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. हें पुट उष्णतेस बिडाच्या मानानें कितीतरी पटींनीं अधिक अडवितें. पाणी भरलेलें आहे, पंप फिरत आहे, आणि तरी एंजिन तापतें आहे, असें झाल्यास पहिला संशय या पुटाचा घ्यावा.

म्हणून क्षार काढून टाकलेलें पाणी आणि कूलंट यांचें मिश्रण घालावें. कूलंटमधील ग्लायकोल पाण्याचा उत्कलनबिंदु वाढवितें, आणि त्यांतील इतर द्रव्यें गंज थोपवितात. जेथें पाणी लायनरला प्रत्यक्ष भिडतें, तेथें लायनरच्या थरथरीनें सूक्ष्म बुडबुडे उठून फुटत असतात व धातूला टांचणीसारखीं छिद्रें पाडतात. तीही ह्या द्रव्यांमुळें टळतात. मात्र हीं द्रव्यें कालांतरानें संपतात. म्हणून यंत्राच्या पुस्तिकेंत दिलेल्या मुदतीस सर्व पाणी बदलावें, नुसती भर घालीत राहूं नये. आणखी एक इशारा घरांतील मंडळींसाठीं. ग्लायकोल चवीला गोडसर पण विषारी असून मूत्रपिंडें निकामी करतें. काढलेलें कूलंट उघड्या बादलींत ठेवूं नये. लहान मुलें आणि कुत्रीं मांजरें त्याला सहज फसतात.

सर्वांत मोठा धोका झांकणाचा. पुण्याच्या उंचीवर उघडें पाणी ९८ अंशांच्या सुमारास उकळतें. पण रेडिएटरचें झांकण कुकरप्रमाणें आंत दाब धरून ठेवतें, त्यामुळें मिश्रण ११० अंशांच्याही पुढें जाऊन उकळल्यावांचून राहूं शकतें. गरम एंजिनाचें झांकण काढलें कीं दाब एकदम सुटतो, पाण्याची वाफ होते आणि उकळता फवारा तोंडावर येतो. वरच्या मजल्यावरून 'लवकर चालू करा' अशी घाई झाली म्हणजे हा फवारा ज्याला झेलावा लागतो तो रखवालदारच. अर्धा तास काळोखांत बसावें, पण त्याला गरम झांकणास हात लावावयास लावूं नये. तसेंच तापलेल्या एंजिनांत थंड पाणी ओतूं नये. बीड एकाएकीं आकसून तडकतें.

बाकीची देखभाल किरकोळ आहे. पंख्याचा पट्टा सैल किंवा चिरलेला नसावा, रबरी नळ्या फुगलेल्या नसाव्यात. रेडिएटरच्या पातळ पात्यांत धूळ व पाला बसतो, तो पंख्याच्या वाऱ्याच्या उलट दिशेनें हलक्या झोतानें काढावा. जोराच्या धारेनें पातीं वाकतात. यंत्राच्या खोलींत जुन्या खुर्च्या आणि मांडवाचे बांबू रचण्याची हौस मात्र सोडावी. तापलेला वारा बाहेर न जातां पुन्हां रेडिएटरकडे वळतो. वंगण चहासारखें दुधाळ दिसलें तर पाणी तेलांत शिरलें असें समजून मिस्त्रीस बोलवावें आणि तोंवर यंत्र चालवूं नये.

एंजिन जितकें थंड तितकें चांगलें हा समजही खरा नव्हे. थर्मोस्टॅट नांवाची झडप साधारण ८० अंशांपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊं देत नाहीं, तें उगीच नव्हे. थंड एंजिनांत तेल पुरतें जळत नाहीं, काजळी धरते आणि झीज वाढते. २०२० पासून आपल्या डिझेलांत गंधक अत्यल्प असल्यानें आम्लाचें भय कमी झालें, काजळीचें राहिलें. एंजिन तापतें म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकणारे मिस्त्री रोग सोडून नाडी बंद करतात. विहिरीवरील ज्या एंजिनांत पंपाचेंच पाणी फिरवितात, तेथेंही बाहेर पडणारें पाणी कोमट नव्हे, हाताला चांगलें गरम लागलें पाहिजे.

वीज परत आली कीं भार उतरतो, पण एंजिन तत्क्षणीं बंद करूं नये. तीनपांच मिनिटें तें रिकामें फिरूं द्यावें, म्हणजे भिंतींतली सांठलेली उष्णता पाणी हळूहळू घेऊन जाईल. तेवढ्या वेळांत रखवालदारानें तपमानाचा कांटा पाहून भिंतीवरच्या वहींत आंकडा लिहावा.